रॅमची दुसरी पट्टी

४ फेब्रुवारी

बारक्या,

फाडायचंच असेल तर एवढं पान वाचून मग फाड. माझं काहीच काम नाही. काम तुझ्या कॉम्प्युटरचं आहे.

पत्ता कुठून मिळाला हा पहिला प्रश्न पडला असेल. तुझ्या गेमच्या टीममधला तो उंच मित्र, सतत डोळे बारीक करून बघणारा, परवा आमच्या दुकानात चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आला होता. त्याच्या काचा मीच घासल्या. तुझा फोन नंबर मागितला तर म्हणाला, "नंबर द्यायचा नाही असं त्याने बजावलंय." मग म्हणाला, "पत्त्याबद्दल मात्र काही बोलला नव्हता." त्याने तू कामाला आहेस त्या गोदीच्या ऑफिसचा पत्ता लिहून दिला. त्याच्यावर चिडू नकोस.

तर, कॉम्प्युटर. अजून चालू आहे. तुझ्याच खोलीत, त्याच टेबलावर. पण आता चालता चालता अडकतो. हल्ली मी थोडं काम त्याच्यावर करते, म्हणून विचारते आहे. चौकातल्या मोठ्या दुकानात जाऊन आले. त्यांनी वय विचारलं. सात वर्षं म्हटल्यावर माणसाने असा चेहरा केला की जणू मी घरातलं कोणी गेल्याचं सांगितलं. म्हणाला, निदान ग्राफिक कार्ड तरी बदला. पण नवं कार्ड घ्यायचं तर त्याला पॉवर सप्लाय मोठा लागेल, आणि ते कार्ड इतकं लांब आहे की तुझ्या कॅबिनेटमध्ये मावणार नाही, म्हणजे कॅबिनेटही नवं. एका बटणापायी अख्खा शर्ट शिवण्यातली गत. प्रोसेसर बदलावा म्हटलं तर म्हणे जुन्या मदरबोर्डवर नवा बसतच नाही.

मग आमच्या मागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईंकडे नेला. त्यांनी झाकण काढलं, आत बॅटरी मारली, बऱ्याच गोष्टी सांगितल्या. सगळं मला नीट कळलं नाही.

एका वेळी एकच काहीतरी बदलता येईल. कार्ड, प्रोसेसर की पॉवर सप्लाय? तू स्वतः जोडलेलं मशीन आहे, तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

बाबा बरे आहेत.

ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर आलं. वर नाव नाही, खाली सही नाही, पण अक्षर तुझं आहे. 'काहीही विकत घेऊ नकोस. अडकतो म्हणजे नेमकं काय होतं? चित्र अडकतं की आवाजही? किती वेळाने? आपोआप सुटतो का? आणि तू असलं कसलं काम करतेस की त्याच्यावर एवढा ताण येतो?' पाच वर्षांनी पाच प्रश्न. मी पत्र तीनदा वाचलं, मग दुकानातलं स्टॉपवॉच घरी आणलं.

चित्र जागच्या जागी थिजतं. आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहतो. सुरू केल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी पहिल्यांदा होतं, मग दर पाच-सात मिनिटांनी. कधी दहा सेकंद, कधी पाऊण मिनिट. मग आपोआप सुटतो. अडकलेला असताना कॅबिनेटवरचा बारीक लाल दिवा लुकलुकत नाही, सलग पेटलेला असतो. हे तू विचारलं नव्हतंस, पण मला दिसलं म्हणून लिहिते.

आता तुझा पाचवा प्रश्न. मी काही काम करत नाही. खोटं लिहिलं होतं. त्याच्यावर बाबा बसतात.

हो, आपले बाबा. 'तो डबा' म्हणायचे ते. तुझं स्टिअरिंग आणि पेडल टेबलाला जशी लावली होतीस तशीच होती. त्या ट्रकच्या गेममध्ये बाबा रोज दुपारी गाडी हाणतात. हाणतात म्हणजे काय, तीस वर्षं बस चालवलेला माणूस. रिकाम्या रस्त्यावर सिग्नलला थांबतात. वळताना हात दाखवायला खिडकी शोधतात. मागच्याने हॉर्न दिला की "अरे हो बाबा, तुझंच राज्य" म्हणून त्याला पुढे जाऊ देतात. एकदा मी दारात उभी होते, तर मागे न बघताच म्हणाले, "पुढे सरका, दारात गर्दी नको."

हसलास ना? मीही हसते. फक्त अडकतो तेव्हा हसू येत नाही. म्हणून लवकर सांग. मागच्या महिन्यात त्या गेमचं मोठं अपडेट आलं, तेव्हापासून जास्त होतंय.

माणसांबद्दल विचारलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस, हे मला माहीत होतं. म्हणून मशीनबद्दल विचारलं.

ताई


६ मार्च

बारक्या,

'कार्डाला हात लावू नकोस. पॉवर सप्लायलाही नको. रॅम कमी पडते आहे. आठ जीबीच उरली आहे, नव्या गेमला ती पुरत नाही. ती भरली की सगळा भार हार्ड डिस्कवर पडतो आणि डिस्क म्हातारी झाली आहे. तो लाल दिवा तेच सांगतोय. दुसरी पट्टी होती, ती कुठे टाकली ते ड्रायव्हरसाहेबांनाच विचार. त्यांनीच काढली होती.'

एवढंच लिहिलंस. बाबा खेळतात यावर एक अक्षर नाही.

रॅमचं सोडून नाही का भागणार? नुसती डिस्क नवी घेतली तर? गल्लीतल्या बाई म्हणतात एसएसडी लावा, तिला फिरणारा भागच नसतो, मशीन पुन्हा पळायला लागेल. रॅमचंही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डोक्यावरचा चष्मा नाकावर घेऊन म्हणाल्या, "हे बघा, एक खाच रिकामी आहे. हिची जोडीदार कुठे गेली? हल्ली ही नवी मिळत नाही. जुनी शोधायची तर त्याच बनावटीची बरी, नाहीतर दोघींचं जमत नाही." मी म्हटलं, नंतर बघू. त्या म्हणाल्या, "नंतर काय बघायचं? सगळ्यात सोपं काम तेच आहे." मी विषय बदलला.

पाऊण मिनिट थांबायला काय होतं असं तुला वाटत असेल. म्हणून जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. बाबा बरे नाहीत. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय, आणि बोलताना मध्येच शब्द सापडेनासा होतो. तुला कळवायला पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी शोधलाही नव्हता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तुझं स्टिअरिंग पाहिलं आणि म्हणाल्या, रबरी चेंडू दाबण्यापेक्षा हे बरं, दोन्ही हात लावून रोज अर्धा तास चालवा. चेंडू ते भिरकावून द्यायचे. स्टिअरिंगवर उजवा हात पहिल्यांदा पट्ट्याने बांधावा लागला. आता बांधावा लागत नाही. पेला धरतात. शर्टाची वरची दोन बटणं लावतात.

झटका आला तेव्हा ते खिडकीत बसले होते. नंतर सांगितलं की खालचा रस्ता एकदम थांबला. माणसं थांबली, गाड्या थांबल्या, कानात एकच आवाज घुमत राहिला.

आता तुझं मशीन अडकतं तेव्हा काय दिसत असेल त्यांना, तूच बघ. रस्ता थांबलेला, समोरची गाडी थांबलेली, कानात घरघर. पहिल्यांदा झालं तेव्हा मी शेजारी होते. ते स्टिअरिंग घट्ट धरून बसले, श्वास घेईनात, आणि अगदी हळू विचारलं, "मी गेलो का?"

मी म्हटलं, "नाही बाबा, कॉम्प्युटर अडकलाय."

"नक्की? गाडीच बंद पडली ना?"

"गाडीच."

तेव्हापासून दर वेळी विचारतात. मी घरी असले तर सांगायला कोणीतरी असतं. नसले तर ते एकटेच वाट बघतात, की थांबलेलं आहे ते बाहेर की आत. खेळू नका म्हटलं तर हात पुन्हा आखडेल. खेळा म्हटलं तर हे. दुकानात काच घासताना माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे असतं. मागच्या आठवड्यात दोन काचा वाया घालवल्या. तिसरी काच मालकांनी स्वतः घासायला घेतली.

डिस्क घेऊ का, एवढंच कळव.

ताई


१४ मार्च

बारक्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण आता वाट बघून चालणार नाही.

मंगळवारी दुपारी बाबा पडले. मी कामावर होते. मशीन अडकलं आणि या वेळी सुटलंच नाही. ते काही वेळ थांबले असतील, मग त्यांना खात्रीच पटली की झटका आला. फोन बाहेरच्या खोलीत होता. उठायला गेले तर पाय पेडलमध्ये अडकला. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला धप्प आवाज ऐकू आला म्हणून बरं. मी पोचले तेव्हा ते टेबलाच्या पायाला टेकून बसले होते, भुवईतून रक्त येत होतं, आणि स्क्रीनवर तोच रस्ता, तोच अर्धवट वळलेला ट्रक. मला बघून त्यांना शब्दच सापडेना. मग एकदाचं बोलले, "गाडीच होती, नाही का?"

भुवईला चार टाके पडलेत. उजव्या मनगटाला पट्टा बांधलाय, तीन आठवडे हलवायचं नाही. दीड वर्षात कमावलेला तोच हात.

बारक्या, दुसरी पट्टी माझ्याकडे आहे.

बाबांनी ती टाकली नाही. त्यांनी ती काढलीही नव्हती. मी काढली होती.

तुमच्या टीमच्या गेमची मोठी मॅच होती, त्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा. तूच शिकवलं होतंस, मशीन जोडताना मी बॅटरी धरून उभी होते तेव्हा: दोन्हीकडच्या कड्या दाबायच्या की पट्टी आपोआप वर येते. मला वाटलं होतं मशीन सुरूच होणार नाही, तुझी मॅच हुकेल आणि बस. पण ते सुरू झालं. तू शेवटच्या क्षणी येऊन बसलास, आणि मॅच रेकॉर्ड करायला लावलीस की ते मध्येच अडकायला लागलं. सगळ्यांच्या देखत, एकदा, दोनदा, तीनदा. टीमने तुला शिव्या घातल्या त्या मी भिंतीपलीकडून ऐकल्या. नंतर तू झाकण उघडलंस आणि हॉलमध्ये येऊन विचारलंस, "कोणी केलं?"

मी तोंड उघडणार होते असं म्हणायला मला आवडलं असतं. मी उघडलं नाही. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मी. काढली आणि कचऱ्यात टाकली." तू माझ्याकडे वळून म्हणालास, "ताई, तू तरी काही बोल." मी फरशीकडे बघत राहिले. संध्याकाळी तू बॅग भरलीस.

तुझ्या अभ्यासाची काळजी होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. जिंकला असतात तर तुमची टीम वर्षभर बाहेरगावी जाणार होती. तू फोनवर सांगत होतास, ते मी ऐकलं होतं. आई गेल्यापासून तुझी वेणीफणी सोडून सगळं मी केलं. तू गेलास की त्या घरात मी आणि बाबा, आणि दोघांच्या मधे टीव्ही. मला तू जायला नको होतास. एवढंच कारण होतं.

आणि परवा पडायच्या आधी पाच आठवडे मला माहीत होतं की मशीनला काय हवं आहे. गल्लीतल्या बाईंनी सांगितलं, तू सांगितलंस. पट्टी माझ्या कपाटात, शिवणाच्या डब्याखाली, चष्म्याच्या काचेच्या कागदी पुडीत गुंडाळलेली. लावली असती तर बाबांसमोर विषय निघाला असता, तुला कळवावं लागलं असतं. म्हणून मी कार्ड आणि प्रोसेसर विचारत बसले. बाबा माझ्यामुळे पडले.

तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. मला म्हण, त्यांना नको.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी मशीनचं काय झालं ते कळवते.

पट्टी मी स्वतः बसवली. पहिल्यांदा मशीन सुरूच होईना, नुसतं पिप-पिप करत राहिलं.  वाटलं, एवढी वर्षं लपवून शेवटी मेलेलीच निघाली. मशीन उचलून गल्लीतल्या बाईंकडे नेलं. त्यांनी पट्टी काढली, तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासले, फुंकर मारली, पुन्हा दाबली. कट्ट आवाज आला आणि सुरू झालं. सोळा जीबी दाखवतंय. त्यांनी मला एवढंच विचारलं, "सापडली वाटतं?" मी म्हटलं, "होती घरातच." 

डिस्कही बदलली. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवलं, तुझ्या फोल्डरसकट, न उघडता. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट तेच. आठवडाभर मी स्वतः रोज तासभर तो ट्रक चालवून बघितला. चार वेळा खड्ड्यात घातला, एकदा पेट्रोल पंपावर चढवला. पण मशीन एकदाही अडकलं नाही. तरीही मला स्वस्थता नाही. मी त्या लाल दिव्याकडेच बघत असते.

बाबांना सांगितलं. मनगटाचा पट्टा सुटला त्या दिवशी.

"बाबा, मी त्याला सगळं लिहिलंय. पट्टीचं."

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. "कशाला? चाललं होतं की."

"पाच वर्षं तो तुमच्याशी बोललेला नाही."

"माझ्याशी आधी तरी कुठे बोलायचा?" मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, माझ्याशी नाही तर नाही, तुझ्याशी तरी बोलेल. म्हणून अंगावर घेतलं. तर तो तुझ्याशीही बोलला नाही." आणि मग, "साफ चुकलं माझं."

मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून तुझ्या खोलीत गेले. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले, मशीन सुरू न करता. पडल्यापासून त्यांना भीती बसली आहे. व्यायामाच्या बाई म्हणतात, घाई करू नका.

हे तू वाचतोस की नाही, मला कळायला मार्ग नाही.

ताई


२३ एप्रिल

बारक्या,

शनिवारी पाकीट आलं. अक्षर तुझं होतं, म्हणून मी जिन्यातच फोडायला निघाले. मग वरचं नाव बघितलं. बाबांचं होतं.

मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांना उलगडायला वेळ लागला, पण मदत मागितली नाही, आणि मी केलीही नाही. खिडकीशी बसून वाचलं. वाचलं म्हणजे, एक ओळ वाचायची, बाहेर बघायचं, पुन्हा तीच ओळ. जेवणाच्या वेळेपर्यंत दोन पानं. मी स्वयंपाकघरातून तीनदा पाणी घेऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "तहान नाही मला."

मग विचारलंच. "काय लिहिलंय?"

"मला लिहिलंय," ते म्हणाले, आणि पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं.

माझ्यासाठी आत वेगळी चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकून बघितलं, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितला. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते." तर मान हलवून नको म्हणाले. तुझ्या टेबलावर बसले, स्टिअरिंग बाजूला सरकवायला लावलं आणि मला दार लोटून घ्यायला सांगितलं. चार दुपारी लागल्या. आतून पेन खाली पडल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग खुर्ची करकरायची. मी बाहेर उभी राहायचे आणि आत जायचे नाही. एकदा आतूनच म्हणाले, "ऐक गं, 'बंदर'मधलं 'द' कुठल्या बाजूला वळतं?" मी दाराबाहेरूनच सांगितलं.

काल त्यांनी पाकीट स्वतः चिकटवलं. पत्ताही स्वतःच लिहिला. गोदीचं नाव दोन ओळींत फुटलं आहे, तुझ्या नावातली वेलांटी सुटली आहे, आकडे उतारावरून घसरल्यासारखे खाली गेलेत. हे पत्र वेगळ्या पाकिटात आहे, त्याच्याबरोबरच टाकते आहे. हे बाजूला ठेवून ते आधी फोड.

हे शेवटचं पोस्टातच उभी राहून लिहिते आहे. इथल्या बाईंनी त्यांचं पाकीट हातात धरून बराच वेळ बघितलं आणि पेन पुढे केलं. म्हणाल्या, "वरून जरा गिरवून देता का? वाचता येत नाही धड."

मी म्हटलं, "मी वाचून दाखवते, तुम्ही मागे लिहून घ्या. वरचं आहे तसंच राहू दे."

ताई